बाळाबाईच्या चौदा म्हशी

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला निशिगंधा मॅडमचं पाळणाघर आहे. माझी नात तेजस्वी तिथं जाते. सकाळी नऊला तिला सोडते आणि मी तिथंच पायरीवर बसते, कारण घरी जाऊन बाराला परत यायचं म्हणजे गुडघ्यांना दोनदा विचारावं लागतं. पायरीवरनं आतलं सगळं दिसतं. बाळाबाईबद्दल जे लिहिते आहे ते तिथनं बघितलेलं आहे. मी तिसरीपर्यंत शिकले. लिहिण्यात काही चुकलं, तर ते तिसरीनंतर शिकवत असतील असं समजावं.

बाळाबाई तिथं मदतनीस. केर काढायचा, खिचडी शिजवायची, चौदा पोरांची नाकं पुसायची. वय साठीच्या आसपास. नक्की तिला माहीत नाही. म्हशींची वयं मात्र तिला महिन्यासकट माहीत होती. पेठेतच तिचा गोठा होता, सात म्हशींचा. नवरा गेल्यावर दोन वर्षं तिनं एकटीनं रेटलं, मग हात दुखायला लागले आणि तिनं म्हशी एकेक करून विकल्या. गोठ्यात आता लोक गाड्या लावतात. "गाड्या बऱ्या आक्का, शेण काढाय लागत न्हाय," असं मला म्हणायची. पण रविवारी सुद्धा ती घरात थांबायची नाही. पाळणाघर बंद असलं तरी समोरच्या कट्ट्यावर येऊन बसायची.

मॅडम शिकलेल्या. कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, लहान पोरांनी दिवसभरात थोडं थोडं करून पुष्कळ हललं पाहिजे, आणि ते सुद्धा हसत खेळत. त्यासाठी त्यांनी भिंतीवर मोठा टीव्ही लावला. त्यात एक तरणा बाप्या गाण्यावर उड्या मारायचा. पोरं खाली बसून बघायची. अर्ध्या तासानं बाप्या घामाघूम व्हायचा आणि मॅडम वहीत लिहायच्या, व्यायाम झाला. झालाच होता की, बाप्याचा.

मागच्या आषाढात एक दिवस सकाळीच लाईट गेली. टीव्ही बंद झाला तसा आधी एकानं सूर लावला, मग चौदाजणांनी. मॅडम रस्त्यावर जाऊन फोन लावत बसल्या. बाळाबाई पळी घेऊन बाहेर आली, पोरांकडं बघितलं आणि म्हणाली, "रडतासा काय? व्हा बघू म्हशी."

म्हशी म्हणजे काय करायचं, हे एकानंही विचारलं नाही. कोल्हापूरची पोरं. चौदाच्या चौदा हातापायांवर झाली.

मग तिनं त्यांना गादीवर डुंबायला लावलं, म्हणजे पोरं या कडेची त्या कडेला लोळत गेली. शिंगं हलवायला लावली, शेपटीनं माश्या हाकायला लावल्या. नंतर पाडवा. आमच्यात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी रंगवतात, शिंगांना मोरपिसं बांधतात आणि रस्त्यानं पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढं, म्हस त्याच्या हाळीमागं. शहाणी म्हस मालकानं खूण केली की मागच्या पायांवर उभी सुद्धा राहते. तर बाळाबाई तोंडानं मोटारसायकल झाली, डर्रर्र डर्रर्र करत अंगणभर फिरली आणि पोरं मागनं. मोठी होती ती केरसुणीवरनं उडी मारून गेली, मधली होती ती केरसुणी ओलांडून गेली. जोया जेमतेम वर्षाची, तिला नुसतं रांगता येत होतं. तिला रेडकू केलं आणि पलंगाखालनं जायची वाट दिली. कुकरची तिसरी शिट्टी झाली की सगळ्यांनी सावलीत बसायचं आणि पाणी पिऊन केळ्याचा तुकडा रवंथ करायचा.

मी विचारलं, "बाळाबाई, हे कुठं शिकलीस ग?"

"ह्यात शिकायचं काय आक्का? रेडकाला पळाय शिकवाय लागतंय व्हय? थांबाय शिकवाय लागतंय. आन् दमलं की त्येचं त्ये बसतंय. मोजून वीस चकरा मार म्हटलं की शिंग घालतंय."

लाईट साडेअकराला आली. टीव्ही लावला तर पोरं त्याच्याकडं पाठ करून बाळाबाईच्या पदराला धरून उभी. मॅडम समंजस. म्हणाल्या, सकाळी म्हशी करा, दुपारी टीव्ही बघू. मग दुपारचंही राहून गेलं.

म्हशी म्हटल्यावर नावं आली. बाळाबाईनं आपल्या विकलेल्या म्हशींचीच नावं वाटली. नावं सात आणि पोरं चौदा, म्हणून थोरली काशी, धाकटी काशी असं करून भागवलं. माझी तेजस्वी थोरली चंद्री झाली. चंद्री एका वेळेला सहा लिटर द्यायची, त्यामुळं माझी काही तक्रार नव्हती.

मैना मात्र तिनं एकच ठेवली. तो पृथ्वीराज. साडेचार वर्षांचा, लोण्याच्या गोळ्यासारखा. घरनं उचलून गाडीवर, गाडीवरनं उचलून आत. समोर मोबाईल धरल्याशिवाय घास गिळायचा नाही. पहिले दोन दिवस सगळ्या म्हशी पळाल्या आणि हा कोपऱ्यात बसून राहिला. बाळाबाई त्याला एका शब्दानं बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जवळनं जाता जाता तिनं नुसतं म्हटलं, "मैने, चल ग माजी बाय." पोरगं उठलं. का उठलं ते त्यालाच माहीत. महिन्याभरात हाळी दिली की सगळ्यात आधी तो पोचायला लागला.

पृथ्वीराजला न्यायला रोज त्याची आई यायची. एक दिवस बाप आला, सम्राट. पेठेतलाच, दुधाचा धंदा, गोठा गावाबाहेर. गाडीवरनं उतरतोय तोवर आतनं हाळी आली, "मैनाऽऽ!" आणि त्याचा एकुलता एक मुलगा हंबरत, गुडघ्यावर माती लावून, अंगणातनं पळत गेला.

"हे काय चाललंय?" सम्राटनं विचारलं.

"व्यायाम," मॅडम म्हणाल्या.

"व्यायाम दिसालाय मला. म्हस केलासा, त्ये बी चालंल. पर मैना कोण म्हणालं ह्याला?"

आता हे सांगितलं पाहिजे, की बाळाबाईची खरी मैना चार वर्षांपूर्वी सम्राटनंच विकत घेतली होती. पहिल्याच धारेला तिनं दुधाची कासंडी उडवली, दुसऱ्या धारेला सम्राटला. हात महिनाभर गळ्यात होता. तेव्हापासनं तो तालमीपुढच्या कट्ट्यावरनं निघाला की कोणतरी विचारायचं, "काय सम्राटराव, मैना बरी हाय न्हवं?" चार वर्षं हेच ऐकलेला माणूस. त्याला वाटलं, आता पोराच्या नावानं सुरू झालं.

"बाळाबाई काकू, गल्लीनं काढली तेवढी खोडी बास न्हाय काय? तुम्हीबी?"

"मी खोडी काढली न्हाय."

"मग मैना कशाला?"

तो ओरडून बोलला, तशी बाळाबाई पण तापली. म्हणाली, "तुला म्हस कळंना, ह्यात माजा काय दोष?"

हे उत्तर त्या वेळी द्यायला नको होतं.

सम्राटनं पोराला काखेत मारलं आणि मॅडमना सांगून गेला, की सोमवारी पालकांची सभा घ्या. एक तर ह्या बाई राहतील, नाहीतर माझा पृथ्वीराज आणि आमच्या भावकीतली चार पोरं. चौदातनं पाच गेली तर नऊ राहतात, एवढं मलाही येतं. मॅडमना तर जास्तच येत असणार. त्यांनी बाळाबाईला सांगितलं, "सोमवारपर्यंत तुम्ही स्वयंपाकघरातच थांबा. पोरांत येऊ नका. मग बघू."

बाळाबाई आत गेली. टीव्हीतला बाप्या परत उड्या मारायला लागला. पोरं बसली. पृथ्वीराजही यायचा, सभा व्हायची होती म्हणून, आणि कोपरा धरायचा. बाळाबाईनं त्या चार दिवसांत एकच पातेलं इतकं घासलं की ते पातळ झालं असेल.

स्वयंपाकघराची खिडकी पायरीच्या बाजूला आहे. शुक्रवारी तिनं खिडकीतनं मला विचारलं, "आक्का, सोमवारी काढलं तर मी दिवसभर करू काय? गाड्यांस्नी वैरण घालू?"

"त्याचं नाव बदल की," मी म्हटलं. "सोनी म्हण, काशी म्हण. मिटव."

"न्हाय बदलायची."

"का?"

"पाडव्याला सगळ्यांच्या म्होरं मैना असायची आक्का. आमचं मालक गेलं त्या वर्षी मोटारसायकल चालवाय कोण न्हवतं. मी चालत निघाले. तर माज्या चपलांच्या आवाजामागनं पळाली बिचारी, गर्दीतनं. जे म्होरं पळतंय त्यालाच तिचं नाव. दुसऱ्याला कसं द्यू?"

"मग हे सम्राटला का नाही सांगितलंस?"

"वरडून इचारलं त्यानं. वरडून इचारल्यावर मी सांगत न्हाय."

सोमवारी सभा झाली. मोठ्या खुर्च्या नव्हत्या, म्हणून पालक पोरांच्या खुर्च्यांवर बसले, गुडघे हनुवटीला लावून. त्या बैठकीत माणसाला रागानं बोलणं अवघड जातं, पण सम्राट बोलला. पोरांना माणसांसारखा व्यायाम शिकवा, म्हणाला. नावानं हाक मारा. आम्ही नाव ठेवताना बारशाला दीडशे माणूस जेवलंय.

जोयाची आई नसरीन शिलाईच्या दुकानात जाते. ती म्हणाली, "भैया, माझी जोया आधी रात्री बारापर्यंत जागायची. आता नऊला झोपते. मला म्हस चालते."

"तुमच्या पोरीला काय म्हणतात?"

"रेडकू."

"मग! रेडकू म्हटल्यावर कोण हसतंय? मैना म्हणून बघा की."

मॅडमनी बाळाबाईला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा. मग मी ठरवते." बाळाबाई ओल्या हातानं दारात उभी राहिली. मला वाटलं, आता चपलांच्या आवाजाचं सांगेल. ती ते बोललीच नाही.

"सम्राट, मैना हाय का अजून?"

"हाय."

"लाथा मारती न्हवं? मग इकली का न्हाईस?"

सम्राटच्या बुडाखालची खुर्ची करकरली. सगळे पालक त्याच्याकडं बघायला लागले. कोल्हापुरात, दुधाच्या धंद्यात, लाथ मारणारी म्हस चार वर्षं कोण ठेवतं, हा प्रश्न तसा कुणालाही पडायला हवा होता. इतके दिवस सगळे हसण्यातच होते.

"पळती चांगली," तो शेवटी म्हणाला, अगदी बारीक आवाजात.

"पाडव्याला म्होरं कोण असतंय?"

"तीच की."

"मग इथं म्होरं कोण असतंय त्ये बघून जा. त्यावर काढा मला."

मॅडमनी स्वतःच उठून टीव्ही बंद केला आणि पोरांना अंगणाच्या पलीकडच्या टोकाला उभं केलं. चार दिवस बसलेली पोरं. नीट पळतील का, ही मला शंका होती. बाळाबाईनं पदर खोचला आणि हाळी दिली. तेरा म्हशी सुटल्या, जोया मागनं रांगत. आणि त्या सगळ्यांच्या पुढं, दोन हात पुढं म्हटलं तरी चालेल, पृथ्वीराज. तोंड लाल, केस उभे, डोळे बाळाबाईवर. येऊन तिच्यापुढं थांबला आणि दोन्ही हात वर करून मागच्या पायांवर उभा राहिला.

भांडणाचा तो दिवस सोडला तर सम्राटनं आपल्या मुलाला पळताना कधी बघितलंच नसावं. बघणार कुठं? घरात उचलून घेतलेला असायचा. तो खुर्चीवरनं उठला, खुर्ची दोन पावलं त्याच्याबरोबर आली, मग पडली. पोराजवळ गेला. मला वाटलं आता उराशी धरतो.

"पुढचे पाय चुकलं," तो म्हणाला. "असं वर न्हाय. मैना पुढचे पाय आत घेती. छातीजवळ."

"आत घेतलं तर त्यो पडंल," बाळाबाई म्हणाली. "साडेचार वर्षाचं हाय त्ये."

"पडत न्हाय. बघा."

त्यानं घड्याळ काढून नसरीनकडं दिलं, हातापायांवर झाला, आणि एवढा मोठा बाप्या सगळ्या पालकांदेखत मागच्या पायांवर उभा राहिला. पडला नाही, पण डगमगला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"तुला धार काढाय येत न्हाय आन् तू मला म्हस शिकवणार?" बाळाबाई म्हणाली.

"धार न्हाय येत काकू. पळवाय येतंय."

"मग पळीव."

सम्राट मोटारसायकल झाला. बाळाबाईपेक्षा आवाज चांगला काढला, हे मान्य करायला पाहिजे. सायलेन्सर काढल्यासारखा. पृथ्वीराज मागनं, बाकीची त्याच्या मागनं. दोन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या फेरीत मोटारसायकल माझ्या पायरीवर येऊन बसली. छाती भात्यासारखी हालत होती. पोरं थांबली नाहीत, बाळाबाईच्या मागं गेली.

मॅडम वही घेऊन आल्या. "मग तक्रार मागं घेताय ना? बाळाबाई राहतील?"

सम्राटला दम लागलेला, बोलता येईना. त्यानं हात वर केला. मॅडमनी तो होकार धरला आणि लिहून घेतलं. मग बाळाबाईला बोलावून म्हणाल्या, "सोमवारपासून, म्हणजे आजपासूनच, पोरांच्या व्यायामाचं तुम्ही बघायचं. इथं खाली सही करा."

बाळाबाईला सही येत नाही. तिनं अंगठा उठवला. पृथ्वीराज तोवर तिच्या मांडीवर येऊन बसला होता, तर अंगठ्याची शाई तिनं त्याच्याच सदऱ्याला पुसली. तेवढ्यात आतनं खिचडी करपल्याचा वास आला.