जैनबखालाची भिंत

मी हैदराबादला निघाले तेव्हा माझे वडील, आप्पा, निरोप द्यायलासुद्धा उठले नाहीत. ओसरीवर बसून सुपारी कातरत राहिले. हैदराबाद राज्याची वाटणी झालेली, आमचं परभणीकडचं गाव मुंबई राज्यात गेलेलं. आमचे हे हैदराबादच्या सरकारी कचेरीत, तिथं त्यांना विचारलं, मुंबई राज्यात जाता का इथंच राहता? ह्यांनी इथंच म्हणून लिहून दिलं. आप्पांचं तेव्हापासून एकच पालुपद, "आपली माणसं समदी इकडं येऊ राहिली, अन् हा शहाणा तिकडं राहतो!" माय मात्र म्हणाली, "जा बाई, नळाचं पाणी पी." तिला हैदराबादचं तेवढंच ठाऊक होतं.

गावाकडच्यांनो आणि मागाहून इकडे आलेल्यांनो, तुम्ही विचारता, तू तिथं रुजलीस कशी? तर ऐका. यात माझी फजितीच जास्त आहे.

आम्ही नुकतेच बौद्ध झालेलो. सुलतान बाजाराच्या आसपास खोल्या बघितल्या. लोक गोडीगुलाबीनं गाव विचारायचे, मग आडनाव, आणि मग ती खोली एकाएकी कुणाच्या तरी भाच्याला द्यायची निघायची. नारायणगुड्यात जैनबखाला भेटली. साठीला टेकलेली विधवा घरमालकीण, घराच्या मागच्या अंगाला एकटी राहायची. तिनं एवढंच विचारलं, "बच्ची बहोत रोती क्या?" माझी कमल तेव्हा आठ महिन्यांची. मी बेधडक नाही म्हणून सांगितलं आणि पुढची खोली मिळाली.

दोन महिन्यांनी दिराच्या लग्नाला आठ दिवस गावी गेलो. खालाही तेव्हा लेकीकडे गेलेली. निघायच्या सकाळी मी नळ सोडला, पाणी नव्हतं, तशीच निघाले. वस्तीच्या आडावर वाढलेली मी. पाणी नसलेला नळही बंद करायचा असतो, हे मला कुणी सांगावं? वर मोरीच्या भोकात उंदीर येऊ नये म्हणून मीच चिंधी कोंबून ठेवलेली. परत आलो तर खोलीचं तळं झालेलं. गोधड्या तरंगत होत्या आणि भिंती कमरेपर्यंत ओल्या.

"खाला आली की सांगून टाकू," हे म्हणाले.

"डोकं फिरलंय का? ही खोली गेली तर परत दारोदार आडनाव सांगत हिंडायचं?"

पाणी उपसलं आणि गावची युक्ती केली. शेण, माती, भुसा कालवून ओलीवर झकास लिंपण घातलं. आमच्या मातीच्या घराला ते चालतं. इथं चुन्याची भिंत, तिच्यात ओल कोंडून बसली. खाला आल्यावर लिंपण बघून म्हणाली, "वा, क्या हाथ है तेरा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंधरा दिवसांत त्या लिंपणावर काळीहिरवी बुरशी आली. पुसली की दुप्पट यायची. कमल खोकायला लागली, छाती घरघरायला लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "घरात ओल आहे का?" ह्यांनी घाबरून आप्पांना पत्र टाकलं. मी घरी येऊन बोचकं बांधलं, कमलला कडेवर घेतलं आणि खालासमोर जाऊन सगळं ओकले. नळ, चिंधी, लिंपण, माझा खोटेपणा, सगळं.

खाला माझ्यावर अशी कडाडली! पण पाण्यासाठी नाही. "पानी किसी से बी गिर जाता. गीली दिवाल कू ढाँक कायकू दिए? दम घुटता उसका!" मग कमलला घेऊन आपल्या खोलीत निजवलं आणि बाह्या सारून आली. लहानपणी मुसी नदीच्या पुरानंतर तिच्या आईनं घर वाळवलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

काय बाई होती हो! आम्हाला तोंडाला फडकी बांधायला लावली. बुरशी कोरडी झाडू दिली नाही, उडते म्हणाली. आधी पाणी शिंपडून मग लिंपण विटेपर्यंत खरवडलं आणि पोत्यात भरून बाहेर टाकलं. कुबट गोधड्या टाकताना मी रडले, पण तिनं एकही ठेवू दिली नाही. समोरासमोरचं दार-खिडकी दिवसभर सताड उघडी. एकदा मी दार लावून शेगडी पेटवली तर चिमटा घेऊन धावली, वाफ जाणार कुठं म्हणून. रोज संध्याकाळी भिंतीशी एक उडदाचा पापड टेकवून ठेवायची. सकाळी तो मऊ पडलेला असला की, "अब्बी नई." माझे पापड असे वाया जाताना जीव तुटायचा. महिनाभरानं एका सकाळी पापड कडकन मोडला. त्याच दिवशी आम्ही चुना भिजवला, त्यात थोडं मोरचूद घातलं, बुरशी परत धरू नये म्हणून.

पहिला हात देऊन वाळला आणि आप्पा दारात उभे. सुगी उरकून आले होते.

"गाठोडं बांध."

"आप्पा, चुन्याचा दुसरा हात राहिलाय. मी नाही येत."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना उलटून बोलले. कमल खालाच्या मांडीवर खिदळत होती. आप्पांनी तिला उचललं, तिच्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. घरघर नव्हती. मग टोपी खुंटीला अडकवून म्हणाले, "आण तो कुंचला. तुला धड हात मारता येत नाही."

दुपारपर्यंत भिंत पांढरीशुभ्र झाली. खालानं चहा केला, पेटीतल्या ठेवणीतल्या कपबशा काढल्या. गावच्या हॉटेलात आप्पांची कपबशी कायम बाहेर, वेगळी. चहा प्यायचा, आपणच विसळायची, पालथी घालायची. सवयीनं ते कप घेऊन नळाकडे निघाले.

"अरे भाई, मेहमान कप नई धोते!" खालानं कप हातातून काढूनच घेतला.

आप्पा माझ्यादेखत रडले. गाठोड्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

खाला जाऊन फार वर्षं झाली. मी आता हैदराबादेतच कुकटपल्लीला लेकाकडे असते, सातव्या मजल्यावर. नातवंडं मला आजी नाही, तेलुगूत नानम्मा म्हणतात, त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून हे लिहिलेलं मीच वाचून दाखवणार आहे. पण कुणी घर कुठलं म्हणून विचारलं की मी अजून नारायणगुडाच सांगते. माझ्या बापाचा उष्टा कप तिथं एका बाईनं विसळला.