मधली लेन

गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणत आणि तिला त्या नावाचा राग नव्हता. दातांच्या प्रयोगशाळेत प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचा, कवळी तयार झाली की घासून गुळगुळीत करायची, हे काम ती लग्नाच्या आधीपासून करत होती. त्यामुळे समोरचा माणूस काय बोलतोय हे कळायच्या आधी त्याच्या तोंडात काय आहे हे तिला दिसायचं. बहुतेकांच्या तोंडात, तिच्या मते, दातांखेरीज काही नसायचंच.

मोठ्या दिरांची कवळी तिनेच केली होती. ‘स’ म्हणताना ती वर किंचित टकटक वाजायची. जरा घासून ती बसवून देणं हा तिच्या डाव्या हातचा मळ होता. पण ती देत नव्हती. दिरांनी कधी मागितलंही नव्हतं, कारण आपल्या बोलण्यात काही खोट असू शकते हा विचारच त्यांना शिवत नसे.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर हे दीर वर्षभर वर्तमानपत्राशी भांडले आणि मग त्यांना जीवनकार्य सापडलं. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी लेन करायची, तिच्यात दुसरं वाहन शिरू द्यायचं नाही, अशी योजना नगरपालिकेने जाहीर केली. सगळे तिला बीआरटी म्हणत. दिरांनी लगेच ‘रस्ता बचाव समिती’ काढली आणि स्वतःला अध्यक्ष करून टाकलं.

समितीच्या बैठका खालच्या मजल्यावर, दिरांच्या दिवाणखान्यात होत. कवळीवाली वर राहायची. चहाला हात लावायला जाऊबाई तिला खाली बोलवायच्या. चहा देता देता ती सगळं ऐकायची. फर्निचरच्या दुकानाचा मालक असायचा. त्याच्या दुकानासमोर गाड्या लावायला जागा उरणार नव्हती, पण तो बोलायचा मात्र शहराच्या भवितव्यावर. जन्मभर पाण्याच्या टाक्या बांधलेले एक इंजिनीअर असायचे, आणि टाकी कळते म्हणजे रस्ता कळतोच अशी त्यांची समजूत होती. क्लास चालवणारे एक सर असायचे. ते प्रत्येक वाक्यानंतर थांबून सगळ्यांना कळलं ना, असं बघायचे.

“बसने जाणाऱ्याला कसली आलीय घाई?” फर्निचरवाला म्हणायचा. “घाई असती तर गाडी नसती घेतली?”

“बरं, वेळ वाचला समजा,” दीर म्हणायचे. “वाचवून ही माणसं करणार काय? कुठे जायचंय यांना?”

इंजिनीअर यावर मान डोलवायचे आणि बिस्किट बुडवायचे. यांच्यातला एकही जण कित्येक वर्षांत बसमध्ये चढलेला नव्हता. सगळे उंटावरून शेळ्या हाकत होते आणि शेळ्या कुठे चालल्यात हे एकालाही ठाऊक नव्हतं. कवळीवाली कप गोळा करायची आणि वर जाऊन नवऱ्याला म्हणायची, “तुमच्या भावाच्या डोक्यात एवढी जागा रिकामी आहे, तिथूनच न्या म्हणावं बस.” नवरा हसायचा आणि खाली ऐकू जाईल म्हणून दार लावायचा.

योजनेच्या बाजूने बोलणारे तरी शहाणे असतील म्हणावं, तर तेही नाही. एकदा त्यांचा सल्लागार समितीला समजवायला आला. गाडी लावायला जागा शोधण्यात त्याचा बराच वेळ गेला, मग घाम पुसत तो आत आला आणि भिंतीवर चित्रं दाखवायला लागला. चित्रातला रस्ता स्वच्छ, झाडं डेरेदार, थांब्यावरची माणसं झाडून सगळी तरुण, सडपातळ आणि हसरी. एकाच्याही हातात पिशवी नव्हती. कवळीवालीने न राहवून विचारलं, “थांबा रस्त्याच्या मधोमध, मग म्हाताऱ्या माणसाने तिथे पोहोचायचं कसं?” त्याने तिच्या हातातल्या ट्रेकडे पाहिलं आणि ‘चांगला प्रश्न आहे’ म्हणून साखर कमी घातलेला कप उचलला. उत्तर शेवटपर्यंत दिलं नाही.

दोन्हीकडच्यांना तोंडाची वाफ दवडायला एक विषय हवा होता. तिला मात्र त्या रस्त्यावरून रोज जायचं होतं, आणि तिला घाई होती.

तिचे वडील रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या भावाकडे असत. त्यांची आठवण विरत चालली होती. सकाळी जाग आल्यावर थोडा वेळ ते अगदी पूर्वीसारखे असत. माणसं ओळखत, भावाला रागावत, चहा पाणचट झाला म्हणत. मग ऊन अंगणात उतरलं की सगळं पुसलं जाई आणि दिवसभर ते कोणा परक्याच्या घरी पाहुणे आल्यासारखे अवघडून बसत. कवळीवाली सकाळची पहिली बस पकडायची. वाटेत वडिलांकडे उतरून त्यांना पेज भरवायची आणि मग कामावर जायची. पण बाजाराच्या पट्ट्यात बस अडकायचीच. मालाचे टेंपो, शाळेत मुलं सोडायला आलेल्या गाड्या, मध्येच दार उघडून फोनवर बोलत उभे राहिलेले लोक, आणि या सगळ्यांत तिची बस. ती पोहोचायची तेव्हा वहिनी दारातच म्हणायची, “आत्ता होते हो शुद्धीवर. आत्ता, एवढ्यात.”

हे ‘एवढ्यात’ तिने वर्षभर ऐकलं. एकदा रिक्षा केली, तर रिक्षा त्याच बससमोर अडकली. भावाकडे मुक्काम करून पाहिला, तर पहाटे खोलीत कोणीतरी परकं झोपलंय म्हणून वडील घाबरून ओरडत सुटले आणि त्या दिवशी त्यांची सकाळ उजाडलीच नाही. सुट्टीच्या दिवशी पहिली बसच उशिरा सुटे. वर्षभरात एकदाही तिच्या वडिलांनी तिला ओळखलं नव्हतं.

अशात समितीला प्रात्यक्षिकाची कल्पना सुचली. बाजाराच्या पट्ट्यात रस्त्याची मधली लेन एक दिवस आपणच दोरी बांधून बंद करायची, उरलेल्या रस्त्यावर गाड्या कशा तुंबतात याचे फोटो काढायचे आणि ते सुनावणीत सादर करायचे. खुर्च्या फर्निचरवाल्याने दिल्या. पोलिसांची परवानगी सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मिळवली. सकाळी सकाळी लाल टोप्या घालून मंडळी रस्त्यावर उतरली, लेनच्या दोन्ही अंगांना खुर्च्या मांडल्या, खुर्च्यांना दोऱ्या बांधल्या. गाडीवाल्यांना हटकायला शिट्ट्या घेतल्या. सगळा विचार केला होता. फक्त लेनची दोन्ही टोकं उघडी ठेवली होती, कारण बस येईल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बसची लेन आखताना बसच विसरणं हे या मंडळींनाच जमू शकतं.

कवळीवाली त्या दिवशीही पहिल्या बसमध्ये होती. बाजार आला तसा ड्रायव्हरने वेग कमी केला आणि सवयीने एक सुस्कारा सोडला. मग त्याला समोर मोकळी लेन दिसली. दोन्ही बाजूंना दोऱ्या, मध्ये चिटपाखरू नाही. “झाली वाटतं सुरू!” तो म्हणाला आणि बस आत घातली.

लेनच्या तोंडाशी दीर उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर करून बस थांबवायचा प्रयत्न केला. ड्रायव्हरला वाटलं, हे साहेब बसला वाट करून देतायत. त्याने कपाळाला हात लावून त्यांना सलाम ठोकला. दिरांनी घाईघाईने बाजूला उडी मारली आणि खिडकीत त्यांना धाकट्या भावजयीचा चेहरा दिसला. ती हसत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून दिरांकडे बघून इतकं मनापासून ती कधीच हसली नव्हती.

बाजार कधी संपला कळलंही नाही. थांब्यावर उतरून ती जवळजवळ पळतच गेली. दार उघडं होतं, वहिनी आत भांडी आवरत होती. वडील खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी वर पाहिलं आणि तिला तिच्या लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारली. त्या नावाने हाक मारणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

तिला पिशवी खाली ठेवायचंही सुचेना.

“किती दिवसांनी!” वडील म्हणाले. “वाट चुकलीस वाटतं?”

“रोज येते की, बाबा.”

“थापा मारू नकोस. म्हातारा झालोय, खुळा नाही झालो.” त्यांनी कप ठेवला. “इतकं काय गं तुझं काम? बाप मेला का जिवंत आहे, बघावंसं वाटलं नाही?”

“बाबा, मी रोज…”

“रोज ती एक बाई येते. पेज भरवते, तोंड पुसते, नखं काढते. कोण कुठली, पण जीव लावते हो. तुझ्या वहिनीला विचारलं तर म्हणते, तुमची मुलगीच ती. मला माझी मुलगी कळत नाही होय?”

तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती रडली. वडिलांना वाटलं, आपण फार बोललो. त्यांनी तिला जवळच्या खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि तोंड उघडून कवळी दाखवली. “ही तूच केलीस ना? बघ, अजून हलत नाही. चार लोकांना सांगतो मी.” मग कामाचं विचारलं, जावयाचं विचारलं. जावई अजून भावाला घाबरतो का, हेही विचारलं. ती सांगत राहिली. सांगता सांगता त्यांचे डोळे दाराकडे वळले, परत आले, आणि ते फार अदबीने म्हणाले, “बाई, पेज निवली असेल का हो आता?”

त्या दिवशी कामावर तिने एका कवळीचे पुढचे दात उलटे बसवले. असं तिच्या हातून पहिल्यांदाच घडलं.

इकडे समितीचं प्रात्यक्षिक दणक्यात पार पडलं. फोटोत गाड्यांच्या रांगाच रांगा होत्या. कॅमेरा मधल्या लेनकडे कोणी वळवलाच नव्हता. बस सुसाट गेली हा मुद्दा दिरांनी बैठकीत ‘अनधिकृत घुसखोरी’ म्हणून निकालात काढला.

सुनावणी शहराबाहेरच्या एका सभागृहात होती. तिकडे बस जातच नव्हती. कवळीवालीने रजा घेतली आणि थांब्यापासून पुढे पायपीट करत पोहोचली. तिची पाळी आली तेव्हा अधिकारी म्हणाले, “थोडक्यात सांगा, बाई.”

तिने थोडक्यातच सांगितलं. त्या दिवशी मी बसमध्ये होते. बस बाजारातून थेट गेली. माझे वडील सकाळी थोडा वेळच माणसं ओळखतात. त्या एका दिवशी त्यांनी मला ओळखलं.

सल्लागार पुढे वाकून म्हणाला, “हे फार छान आहे, हे आपण सादरीकरणात घेऊ,” आणि त्याने तिचा फोटो काढला. टाक्यांचे इंजिनीअर उभे राहिले. “ताईंचं दुःख मोठं आहे. पण एका म्हाताऱ्या माणसासाठी अख्ख्या शहराचा रस्ता द्यायचा का?” टाळ्या पडल्या. दीर समजूतदारपणे हसले आणि म्हणाले, “आमच्या घरच्याच आहेत. भावनेच्या भरात बोलल्या.” भरातला ‘भ’ त्यांना नीट जमला. त्याआधीच्या भाषणात ‘समितीसाठी’ म्हणताना मात्र कवळी दोनदा वाजली होती.

योजना फेरविचारासाठी पाठवण्यात आली. म्हणजे गुंडाळली, हे सगळ्यांना कळलं. संध्याकाळी दिवाणखान्यात आनंदीआनंद होता. जाऊबाईंनी तिला चहासाठी हाक मारली. ती खाली आली, पण ट्रेला हात न लावता मधोमध उभी राहिली.

“भाऊजी, तुम्ही जिंकलात. अभिनंदन,” ती म्हणाली. “त्या ड्रायव्हरने तुम्हाला सलाम केला, कारण त्याला वाटलं, रस्त्यावर एक तरी शहाणा माणूस उभा आहे. बिचारा फसला. मला तुमची किळस येते. तुम्हा सगळ्यांचीच येते.”

फर्निचरवाल्याने बिस्किट तसंच हातात धरलं. ती वर निघून गेली आणि त्या दिवसापासून समितीचा चहा जाऊबाई एकट्याच करू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बस नेहमीसारखी बाजारात अडकली. ती पोहोचली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. वहिनी दारातच म्हणाली, “आज उठल्यापासून तुमचीच वाट बघतायत. नवा शर्ट घातलाय. आत्ता होते हो शुद्धीवर.”

वडील नव्या शर्टात ताठ बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ओळखीच्या बाईकडे बघून हसावं तसे हसले. ती पेजेची वाटी घेऊन जवळच्या खुर्चीत बसायला गेली, तसा त्यांनी पटकन खुर्चीवर हात ठेवला.

“इथे नको, बाई. रागावू नका हं. माझी मुलगी यायची आहे.”

“बरं,” ती म्हणाली. ती खाली फरशीवर बसली आणि पहिला चमचा फुंकून गार करू लागली.