अळणी पेज

बाळकुमच्या खाडीकाठी मिठागरं होती आणि ठाण्यात आगगाडी नुसती येऊन थांबली नव्हती, चांगली रुळली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या ख्रिस्ती आळीत गर्ट्रूड नावाची विधवा राहायची. सगळे तिला गर्टूमाय म्हणत. मिठाचा हंगाम संपला की गड्यांना जुलाब द्यायचं काम तिचं.

मीठ पायांतून अंगात शिरतं, अशी त्या लोकांची पक्की समजूत होती. उन्हाळाभर खाऱ्या पाण्यात राबायचं, मग पावसाच्या आधी जमालगोटा घेऊन ते मीठ पाडून टाकायचं आणि पुढे काही दिवस अळणी पेज प्यायची. गर्टूमाय बिया दुधात शिजवून गोळ्या वळायची. अख्ख्या आळीचं पोट आपल्या हातात आहे याचा तिला थोडा तोराही होता. तो का नसावा? लोकांनीच तो दिला होता.

तिचा नवरा निकोलस असाच एका वैशाखात जुलाबानंतर अळणी पेजेवर असताना पेटके येऊन गेला होता. "मी हात आखडता घेतला, मीठ आत ऱ्हायला," असं ती सगळ्यांना सांगायची. त्यानंतर तिने कधी हात आखडला नाही.

मग तिचा मुलगा पर्सी आजारी पडला. त्या वर्षी ऊन भयंकर होतं. घामाने निथळत तो मिठागरातून घरी आला, आईची गोळी घेतली, अळणी पेज प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. आईने ओळखलं, निदान तिला तसं वाटलं, की मीठ अजून आहे. तिने आणखी एक गोळी दिली आणि वर तांब्यामागून तांब्या पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत पर्सी असंबद्ध बोलू लागला. बायकोला, ज्युलियानाला, त्याने ओळखलंच नाही.

ज्युलियाना सासूला न विचारता ठाण्याला गेली आणि डॉक्टर हरिहरपंतांना बैलगाडीतून घेऊन आली. त्यांनी पर्सीची कातडी चिमटीत धरून पाहिली, पोटऱ्या दाबल्या, काय काय दिलं ते विचारलं.

"बाई, घामानं आणि तुमच्या औषधानं याच्या अंगातलं मीठ निघून गेलंय," ते म्हणाले. "वर नुसतं पाणी पाजलंत, त्यानं उरलंसुरलंही पातळ झालं. पेजेत मीठ घाला. घोट घोट पाजा, घाई नको. मधूनमधून शहाळ्याचं पाणी द्या."

गर्टूमाय मिठाच्या मडक्यापुढे आडवी उभी राहिली. "मिठानीच मारला ह्याच्या बापाला. माझ्या हातानं देऊ?"

"आये, बाजूला हो," ज्युलियाना म्हणाली.

तेवढ्यात पर्सीचा हात पेटक्याने पिळवटला आणि तो कण्हला. निकोलसचा हातही असाच पिळवटला होता. गर्टूमायने मडक्याचं झाकण काढलं. पेज तिनेच कालवली, तिनेच पाजली, आणि प्रत्येक घोटाला मनातल्या मनात आवे मारिया म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पर्सीने डोळे उघडून "आय" अशी हाक मारली.

डॉक्टर पुन्हा पाहायला आले तेव्हा ती ओट्यावर बसली होती.

"दाक्तर, ह्याचा बाप पण असाच झालेला. त्याला मीठ दिला असता तर?"

हरिहरपंतांनी छत्री उगाचच उघडून मिटली. "मी तेव्हा त्यांना पाहिलं नव्हतं, बाई."

एवढं तिला पुरलं.

पुढचा हंगाम संपल्यावर गडी नेहमीप्रमाणे दारात आले. तिने गोळ्या दिल्या नाहीत. प्रत्येकाला वाडगाभर खारी पेज दिली आणि संपेपर्यंत समोर उभी राहिली. काहीजण कुरकुरले, तिने ऐकून घेतलं.

स्वतः मात्र ती मरेपर्यंत अळणीच प्यायली. फादर समजावून दमले. एकदा पर्सीने तिच्या वाडग्यात मीठ टाकलं, तर तिने वाडगा त्याच्याकडे सारला आणि दुसरा भरून घेतला.

"तू खा खारी," ती म्हणाली. "ही तुझ्या बापाची हाय."