खिळ्यावरचं घड्याळ

त्या घड्याळाला एका दुभत्या म्हशीची किंमत पडली होती. हा हिशेब माझा नव्हे, वडिलांचा. लष्करातली कारकुनी सोडून मी कराडच्या अलीकडच्या आमच्या गावी कायमचा परतलो, तेव्हा माझ्या मनगटावर ते स्विस घड्याळ होतं. मुंबईत एका ओळखीच्या खलाशाकडून घेतलेलं. वडिलांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कानाला लावलं आणि विचारलं, "आन् ह्ये दूध किती देतंय?"

सोप्यात बसलेली माणसं हसली. मीही हसलो. पण त्या दिवसापासून मी घड्याळाची किंमत वसूल करायच्या मागे लागलो. कुणी वेळ विचारली नाही तरी सांगायचो. आत सतरा खडे आहेत, पाणी जात नाही, आपटलं तरी बिघडत नाही. 'शॉकप्रूफ' हा शब्द आमच्या गावात मी आणला.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, दुष्काळाच्या लागून आलेल्या वर्षांतली. आमची विहीर सामाईक होती. आजोबांनी खोदलेली, पुढं दोन मुलांत वाटली गेलेली. थोरला वाटा वडिलांचा, धाकटा चुलत्यांचा. रीत अशी, की थोरल्या घरानं आधी पाणी घ्यायचं, धाकट्यानं मागनं. मोट होती तोवर सावली विहिरीच्या ठरावीक पायरीवर आली की पाळी बदलायची. मोटर बसली तशी सावली उपयोगाची राहिली नाही. लाईट सकाळी यायची आणि दुपारी दोनला जायची. त्यातले दहापर्यंतचे तास आमचे, दहापासून लाईट जाईपर्यंतचे चुलत्यांचे. पण दहा वाजले हे कुणी ठरवायचं? साखर कारखान्याचा भोंगा वारा पडला की ऐकूच यायचा नाही. रोज पाटावर तोंडातोंडी व्हायची.

त्या वर्षी आमच्यासारखाच चुलतभावानंही ऊस लावला होता. आम्ही एका वयाचे, एका तालमीत माती खाल्लेले. चुलत्यांनी त्याला सगळ्यांदेखत बजावलं होतं, "यंदाचा ऊस हुबा ऱ्हायला तर शेती कर. न्हाई तर मेव्हण्याकडं कुपवाडला जा, लेथवर लोखंड तास." त्याला कुपवाडला जायचं नव्हतं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. बायकोला घेऊन तो संध्याकाळी बांधावर बसायचा आणि हातानं दाखवायचा, इथंपर्यंत आपलं.

घड्याळाची गोष्ट त्यानंच काढली. भांडण हातघाईवर आलं होतं तेव्हा तो मधे पडून म्हणाला, "आवं, एवढं भारी घड्याळ घरात असताना भांडताय कशापायी? मोटरीच्या खोलीत टांगा. त्यो काटा सांगंल ती पाळी."

चुलते म्हणाले, "घड्याळ थोरल्या घरचं हाय."

"तात्या, इलायतीचं हाय. त्येला थोरलं घर काय आन् धाकटं काय?"

वडिलांची छाती फुगली. त्यांनी स्वतः खोलीतल्या स्टार्टरच्या वर खिळा ठोकला. रोज सकाळी मी घड्याळ खिळ्याला अडकवायचं, दुपारी लाईट गेली की काढून मनगटावर घालायचं. भांडणं थांबली. आजूबाजूच्या विहिरींवरचे लोकही वेळ बघायला येऊ लागले. वडील त्यांना म्हणायचे, "बगा, बगा. म्हशीच्या किमतीचं हाय."

मग एक दिवस विहिरीतल्या पाईपच्या तळाची झडप, फुटव्हॉल्व्ह, अडकली. मी आणि चुलतभाऊ खाली उतरलो. पाईप वर ओढताना माझा हात सटकला आणि घड्याळ कातळावर आपटलं. आवाज त्यानंही ऐकला.

"घड्याळ गेलं न्हवं का?"

मी कानाला लावलं. टिकटिक चालू होती. "शॉकप्रूफ आहे," मी म्हणालो.

"भले! मानसंबी अशीच काढाय पायजेत," तो म्हणाला आणि पुन्हा पाईपला भिडला.

दोन-चार दिवसांत दुपारच्या बातम्यांच्या वेळी ग्रामपंचायतीच्या रेडिओवरचे ठोके ऐकले आणि मनगटाकडे बघितलं. काटा मागे होता. मी तो गुपचूप पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी तेच. मोटरीचं पॅकिंग आणायचं निमित्त करून मी सांगली गाठली. कराडला ओळखीचे डोळे होते. घड्याळजीनं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि सांगितलं, की आतल्या तोलचक्राचं टोक वाकलंय. मनगटावर आडवं राहिलं तर बऱ्यापैकी चालेल, उभं टांगून ठेवलं तर मागं पडत जाईल. तो भाग मुंबईहून मागवायला लागेल, तोवर घड्याळ इथंच राहू द्या.

"एवढं महागाचं घड्याळ असं कसं बिघडलं?" मी विचारलं.

"किंमत बघून दगड बाजूला हुतोय व्हय?" तो म्हणाला.

मी काउंटरवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. ते तिथं ठेवलं असतं तर खिळा रिकामा राहिला असता. लोकांनी विचारलं असतं. वडिलांना पुन्हा म्हैस आठवली असती, या वेळी गावासमोर. "मुंबईला माझा माणूस आहे, त्याच्याकडून करून घेतो," असं म्हणून मी घड्याळ उचललं. मुंबईला घड्याळं दुरुस्त करणारं माझं कुणी नव्हतं. एस्टीत बसल्यावर ते मनगटावर चढवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्याला अडकवलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आजवर ती मी स्वतःपाशीही गुळमुळीतच ठेवली. घड्याळ मागे पडण्यात नुकसान कुणाचं आहे, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. घड्याळात दहा वाजायचे तेव्हा खरे दहा केव्हाच वाजून गेलेले असायचे. तेवढा वेळ पाणी आमच्या उसात जास्त फिरायचं. आणि लाईट जायची ती खऱ्या दोनला. ती काही आमच्या खिळ्याकडे बघून जात नव्हती. भरडला जायचा तो मधला, चुलतभाऊ. त्याचं रान खालच्या अंगाला, पाणी पाटानं तिथं पोचायलाच वेळ लागायचा. शेवटच्या सऱ्यांच्या तोंडाशी पाणी यायचं आणि मोटर बंद पडायची.

त्यानं घड्याळाकडे बघितलं, तर दोन वाजायला अजून बराच अवकाश दिसायचा. त्यामुळे त्याला एकच गोष्ट सुचली, आणि ती आमच्या भागात कुणालाही सुचली असती. "वायरमन चोर हाय," तो म्हणाला. "दोनच्या आधीच खटका खाली वढतोय. वरच्या बागायतदारानं त्येला चारलं आसंल."

मी स्टार्टरवरची धूळ पुसायला लागलो.

"तूच सांग, गड्या. तुझं घड्याळ सांगतंय त्ये."

"बघू," मी म्हणालो.

त्याच्या शेवटच्या सऱ्या पिवळ्या पडायला लागल्या. चुलते बांधावरून जाताना त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "कुपवाडला कळवू का?" तो पुढच्या सरीकडं वळायचा. दुपारी लाईट गेली की खोऱ्यासकट पाटात उभा राहायचा, त्याच्या पायांभोवतीचं पाणी मुरून जाईपर्यंत. मी मोटरीच्या खोलीतून घड्याळ काढताना त्याच्याकडे पाठ करायचो.

एका दुपारी मोटर बंद पडली आणि तो पाटातून धावतच खोलीत आला. खिळ्यावरचं घड्याळ त्यानंच उचललं. "चल," म्हणाला.

"कुठं?"

"सबस्टेशनला. घड्याळ त्येच्या नाकाम्होरं धरतो. तू फकस्त संगं ऱ्हा."

सायकलच्या दांडीवर तो बसला, मी पायडल मारत होतो. त्याच्या मुठीत माझं घड्याळ होतं. रस्ताभर तो बोलत होता, यंदा पाणी मिळालं तर तोडीनंतर फुटणारा खोडवाही राखणार, बायकोला सांगितलंय. मला वाटत होतं, चाक पंक्चर व्हावं.

वायरमन पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला, आटपाडीच्या बाजूचा होता. खोलीच्या उंबऱ्यावर भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला होता. चुलतभावानं घड्याळ त्याच्यासमोर धरलं.

"किती वाजल्यात?"

त्यानं आधी ते बघितलं, मग स्वतःच्या मनगटावरचं. त्याचं देशी घड्याळ होतं, पट्टा सुतळीनं बांधलेला. "दोन वाजून गेलं की वो," तो म्हणाला. "आन् माझ्या हातात काय हाय? कराडवरनं फोन येतुया, तवा मी वढतो."

"तुझं त्ये ठिगळ लावल्यालं घड्याळ खरं, आन् ह्ये स्विस खोटं?"

वायरमन माझ्याकडे वळला. "घड्याळ तुमचं न्हवं? तुमीच सांगा. बराबर हाय का?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "स्विस आहे."

एवढंच म्हणालो. बरोबर आहे असं म्हणालो नाही, आणि हीच पळवाट मी पुढं कित्येक वर्षं उशाला घेऊन झोपलो. चुलतभावाला तेवढं पुरलं. त्यानं वायरमनच्या कानशिलात लगावली. भाकरी मातीत पडली. वायरमननं उलटा हात उचलला नाही. त्यानं निसटून पडलेलं घड्याळ उचललं, सुतळी पुन्हा बांधली आणि मला म्हणाला, "तुमी शिकल्यालं दिसताय."

गावानं चुलतभावाची बाजू घेतली. महिन्याभरात त्या वायरमनची बदली झाली. नवा आला, तरी लाईट 'लवकर' जायचीच. "समदे एकाच माळंचे," चुलतभाऊ म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

उसाला तोड आली तेव्हा त्याच्या खालच्या सऱ्यांतून जनावरांच्या वैरणीपुरतं वाडं निघालं. आमचा ऊस दोन पुरुष उंच. चुलत्यांनी कुपवाडला कळवलं. तो वळकटी घेऊन एस्टीत चढला तेव्हा त्याची बायको बांधाकडे बघत नव्हती. खिडकीतून तो मला म्हणाला, "आमचं रान वाट्यानं तुमीच करा. आन् घड्याळाला जप, मर्दा. त्येनं खरं त्ये दावलं." त्यानंतर पाळीच उरली नाही, सगळं पाणी आमचंच झालं. मी घड्याळ खिळ्यावरून काढलं ते ट्रंकेत टाकलं. वडील मात्र मरेपर्यंत सांगत राहिले, "ह्या घड्याळानं दूध न्हाई दिलं, पानी दिलं." त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांचा हा अभिमान मी मोडू शकलो नाही, असंही मी स्वतःला सांगत आलो. खरं तर मोडायचा नव्हता तो माझा होता.

काही महिन्यांपूर्वी माझ्या मुलानं विचारलं, "बाबा, नोकरीत कायम झालो, स्विस घड्याळ घ्यावं म्हणतो. तुमचं होतं ना? पैसे वसूल झाले का?" "आवडेल ते घे," मी म्हणालो. घड्याळाला नावं ठेवायला जागा नाही, ते उत्तमच होतं. पण वेळ बघायला त्या वायरमनचं सुतळीनं बांधलेलं देशी घड्याळही पुरत होतं. मी म्हैस मोजली ती माझ्या शब्दाला वजन यावं म्हणून. आणि वजन आलं. इतकं आलं, की माणसं स्वतःच्या डोळ्यांदेखत सुकणाऱ्या सऱ्यांपेक्षा माझ्या खिळ्यावर विश्वास ठेवायला लागली.

त्याच आठवड्यात मी कुपवाडला गेलो. चुलतभावाचे केस आता पांढरे झालेत. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर त्यानं आपल्या सोबत्यांना माझी ओळख करून दिली, "ह्यो माझा भाऊ. ह्येच्याच घड्याळानं वायरमनची चोरी धरली." मी म्हणालो, जरा बाजूला चल. आणि सांगितलं. सांगलीच्या घड्याळजीसकट सगळं.

त्यानं विचारलं, "सबस्टेशनला ग्येलो तवा ठावं व्हतं तुला?"

"होतं."

मला वाटलं आता हात उचलेल. उचलावा, असंही वाटलं. तो म्हणाला, "माझा ऊस ग्येला, गाव ग्येलं, त्येचं मी तुझ्याशी मागनं बगतो. पन म्या त्या मानसाला मारलं, रं. जेवताना मारलं. चोर म्हनून." त्यानं ग्लास ठेवला. "त्यो कुटं आसतो?"

"माहीत नाही."

"हुडीक. आन् घावला की मला बलव. तवर माझ्या दारात यिऊ नगंस."

मी शोधत राहिलो. जुन्या वायरमन लोकांना विचारत विचारत पत्ता लागला. तो निवृत्त होऊन आटपाडीच्या पलीकडं आपल्या गावी मेंढरं राखतो. काल कुपवाडला चुलतभावाच्या कारखान्यात फोन लावला. उद्या जाऊ या म्हणालो, विट्याच्या स्टँडवर भेटू. घड्याळ आणू का, असंही विचारलं.

"आन. त्येच्यासंबूर ठेव."

"बरं. पहिली गाडी आहे ती किती वाजता, सांगतो थांब..."

"नगं," तो म्हणाला. "येळ तू सांगू नगंस. मी स्टँडावर इचारतो."