खरजेचं मलम

शेलूबाजारच्या औषधवाल्यानं मला फसवलं.

बाजारात माझ्या शेजारी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकणाऱ्या बाईलाही माझ्यासारखीच खरूज झाली होती. मलम आम्ही दोघांनी त्याच दुकानातून घेतलं. महिन्याभरात तिचे हात धुतलेल्या मुळ्यासारखे झाले, मी मात्र अजून बोटांच्या बेचक्या खाजवतोय. गिऱ्हाईक माझी वांगी सोडून तिच्याकडे जातं. ती जुडी झटकते, पाणी शिंपडते आणि मुद्दाम दोन्ही हातांनी पुढे करते. मला ते हात बघवत नाहीत.

शेवटी विचारलंच, "तुले कोनतं भारी औषध देलं त्यानं?"

"तेच, भाऊ. पन त्यानं सांगतलं तसं आमच्या घरच्या पाचही जनायनं एकाच दिवशी मानेपासून पायापर्यंत लावलं, गोधड्या उकळल्या. तुमी एकट्यानंच लावलं असन! ते किडे डोळ्याले दिसत नाहीत. तुमचे मेले, तं बायकोच्या अंगावरचे येऊन राह्यले."

औषधवाला मला चार नळ्या देत होता. माल गळ्यात मारतोय असं वाटून मी भांडून एकच घेतली. पण साऱ्या घरानं लावायचं, हे तिला सांगणारा माणूस माझ्यापुढे गप्प काहून बसला? याचा जवाब त्यानं भर बाजारात द्यावा.