अकरा नंबरचा टॅब बाजाराला गेला

शाळेत वीस टॅब आले, तेव्हा आमच्या मुख्याध्यापक सरांनी सगळ्यात आधी कुलूप आणलं. खोकी उघडायच्या आधी कुलूप. तेही गोठ्याच्या फाटकाला लावतात तसलं, मुठीएवढं. टॅब लोखंडी कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली सरांनी कमरेच्या करगोट्याला बांधली. त्यामुळे टॅब हवे असले की मी नि पोरं भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो आणि सर पाठमोरे होऊन किल्ली सोडायचे.

आमची शाळा तांड्यावरची, सातवीपर्यंतची. शिकवणारे आम्ही तिघं. मुख्याध्यापक सर, खालचे वर्ग सांभाळणारे एक तरुण गुरुजी आणि मी. मी रोज औंढ्याहून स्कूटीवर येते. टॅबची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण प्रशिक्षणाला जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तिथून मी बरंच शिकून आले होते. प्रत्येक टॅबला नंबर चिकटवला, पासवर्ड टाकला, नको ती ॲपं बंद केली. आत सिमकार्ड होतंच, म्हणून टॅब कुठं आहे ते माझ्या मोबाइलवर दिसेल अशी सोयही करून ठेवली.

एवढी तयारी केली, आणि पहिलं नुकसान झालं ते पूजेनं. सर देवळाची सेवा करणाऱ्या घरातले. खंडेनवमीला त्यांनी वीसच्या वीस टॅब टेबलावर मांडले आणि एकेकाला मनापासून हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी पाच टॅब चार्ज होईनात. पाहते तर चार्जिंगच्या भोकात कुंकू! सहावीच्या मुली आणि मी दात घासायचे जुने ब्रश घेऊन अर्धा दिवस ते उकरत बसलो. सर शेजारी उभे राहून म्हणत होते, "बाई, पुढल्या टायमाला नुसतं फूल वाहू."

मग एकीच्या हातून टॅब निसटला आणि फरशीवर आपटला. कोपऱ्याला बारीक तडा गेला. मुलगी रडली नाही, सरच मटकन खाली बसले. "बास," ते म्हणाले, "आता हे बाहेर काढायचेच न्हाईत."

टॅबना कव्हर हवं, हे तेव्हा पक्कं झालं. हिंगोलीला पाहिली ती कव्हरं कचकड्याची होती, आमच्या पोरांपुढे चार दिवस टिकली नसती. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझी दादी शिवंल की."

तिची आजी तांड्यात कशिद्यासाठी नावाजलेली. अजूनही घागरा, आरसे लावलेली कांचळी, कोपरापर्यंत बलोये, म्हणजे पांढऱ्या रुंद बांगड्या, असा सगळा पेहराव करणारी. मी टॅब घेऊन गेले, तर तिनं तो आधी मांडीवर आडवा घेतला, थोपटला आणि वितीनं मोजला.

"आतून मऊ पायजे न बाई? लेकराला झोळीत घालतो तसं."

"हो, आणि वरून मजबूत."

"मजबूत म्हंजे? माझ्या लग्नातली पिशवी आजून जित्ती हाय."

महिनाभरात आजीनं आणि तिनं कामाला लावलेल्या बायकांनी वीस पिशव्या तयार केल्या. आत गोधडीच्या कापडाचे दोन थर, बाहेर लाल-निळा कशिदा, कडेनं आरसे, झाकणाला कवड्या, खांद्याला अडकवायला पट्टा. मुली त्या घालून शाळेच्या पटांगणात अशा मिरवल्या की विचारू नका. मुलगेही मिरवले, फक्त कुणी बघत नाही ना याची खात्री करून. खांद्याला टॅब आहे हे विसरून एका पोरानं चक्क उडी मारली, टॅब खाली आपटला, पण काही म्हणता काही झालं नाही. सरांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैलावला.

पोरांना टॅब घरी न्यायला द्यायला त्यांनी परवानगी दिली ती याच भरवशावर. अर्थात सह्या घेऊन आणि नियम सांगून. चुलीजवळ ठेवायचा नाही, पाण्याच्या हंड्यावर ठेवायचा नाही, शेळीपुढे तर मुळीच नाही. सगळ्यांत पहिला, अकरा नंबरचा, आजीच्या नातीला मिळाला.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी शाळेत आली तीच हुंदके देत.

"मॅडम, टॅब न्हाई. राती खुंटीला लावला व्हता. सकाळी दादीची पिशवी तेवढी हाय, माझी न्हाई."

सरांनी कपाळाला हात लावला. "चोरी! पहिल्याच दिवशी! बाई, मी सांगत नव्हतो?"

मी मोबाइल काढला. नकाशावर अकरा नंबरचा निळा ठिपका होता आणि तो चक्क पळत होता. जवळा बाजारच्या रस्त्यानं.

"जीपमध्ये बसला चोर!" सर ओरडले. "आज बाजार हाय, तिथं इकून मोकळा होईल. काढा स्कूटी!"

"सर, तुम्ही पण?"

"म्हंजे काय! सही माझी हाय."

वर्ग गुरुजींवर सोपवून आम्ही निघालो. पुढं मी, मागं सर, आणि मधे ती पोरगी, कारण तिनं स्कूटीचा आरसाच धरून ठेवला होता, सोडेना. सर आयुष्यात पहिल्यांदा बाईमाणसाच्या मागं स्कूटीवर बसले असावेत. एका हातात माझा मोबाइल, दुसऱ्या हातानं टोपी दाबून धरलेली, आणि तोंडानं अखंड बातम्या. "थांबला! थांबला! न्हाई, निघाला. बाई, हा शेतातून चालला!" रेंज गेली की ठिपका भलतीकडे उडी मारायचा आणि सरांच्या मते चोर रस्ता सोडून कापसात शिरायचा. मग पुन्हा रस्त्यावर. "लई हुशार हाय," सर म्हणाले. रडणारी पोरगी मधल्या मधे फिस्सकन हसली. मलाही हसू यायला लागलं, आणि हसू आलं की माझा हात हलतो. "बाई, सरळ!" सर किंचाळले.

बाजाराच्या तोंडाशी स्कूटी लावली. ठिपका आता हलत नव्हता, पण तो नेमका कुठल्या पालाखाली आहे ते काही कळेना. मिरच्यांचे ढीग, भांड्यांची दुकानं, तिकडे सोयाबीनची पोती, आणि माणसंच माणसं. प्रशिक्षणात शिकवलेली एक गोष्ट मला आठवली. टॅबवर निरोप पाठवता येतो आणि तो मोठ्यानं वाजवताही येतो. निरोप काय लिहायचा ते सरांनी सांगितलं, कडक आवाजात, शब्द न् शब्द: "हा टॅब शाळेचा आहे. तू कुठं आहेस ते आम्हाला माहीत आहे. मुकाट्यानं परत कर."

मी बटण दाबलं.

कुठंतरी घणघण सुरू झाली. आसपासच्या दहाबारा माणसांनी एकदम आपापले खिसे चाचपले. लसूणवाला "हॅलो, हॅलो" म्हणाला. आम्ही आवाजाच्या मागं निघालो. चिवड्याच्या गाडीपाशी तो मोठा झाला, चपलांच्या दुकानापाशी बारीक झाला, मागं वळलो तर पुन्हा मोठा. शेवटी बांगड्यांच्या दुकानापुढं पोचलो. तिथं आजी बसली होती. एक हात बांगडीवाल्याच्या हातात, मांडीवर कशिद्याची पिशवी, आणि ती पिशवी कानठळ्या बसतील अशी वाजत होती.

"दादी!" पोरगी ओरडली.

आजीनं वर पाहिलं. आम्हाला बघून ती खुश झाली. "बाई! तुमी बी बाजाराला? बरं झालं. हा बांगडीवाला बघा, त्याचा फोन कवाचा बोंबलून राहिला, उचलतच न्हाई."

"माझा न्हाई हो, तुमच्या मांडीवर वाजतंय!" बांगडीवाला काकुळतीला आला होता.

उरलेल्या कापडाची आजीनं स्वतःसाठीही तश्शीच एक पिशवी शिवली होती. दोन्ही एकाच खुंटीला. सकाळच्या जीपला निघताना घाईत तिनं हाताला लागली ती उचलली.

"जड नाही लागली?" मी विचारलं.

"लागली की. माझ्या पिशवीत अडकित्ता ऱ्हातो, म्हनलं त्योच आसंल."

नातीनं झाकण उघडलं. वर नारळ, त्याखाली पानाची पुडी, आणि सगळ्यात खाली अकरा नंबरचा टॅब. एक ओरखडा नाही. पडद्यावर सरांचा निरोप झळकत होता. पोरीनं तो भर बाजारात मोठ्यानं वाचला. "तू कुठं आहेस ते आम्हाला माहीत आहे."

आजीनं सरांकडे पाहिलं. "ठावं हाय तर दवंडी काहून पिटून राहिले? मी तर आल्यापसून हितंच बसले."

सर काहीतरी कडक बोलायला गेले. तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हसूच बाहेर आलं. आधी नाकातून, मग पोटातून. टोपी पडली, ती उचलायला वाकले तर तिथंच बसले. बांगडीवाला हसला, शेजारची रिबीनवाली हसली, मला तर उभं राहवेना. आजी सगळ्यांकडे बघत विचारत होती, "काय झालं? आरं, झालं काय?" आणि हळूहळू तीही हसायला लागली.

सोमवारी सरांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि वर्गातल्या खिळ्याला अडकवली. एकोणीस टॅब आणखी एकोणीस घरी गेले. आजीच्या पिशवीला ओळखू यावं म्हणून नातीनं हिरवा गोंडा लावला.

त्याच आठवड्यात आजी शाळेत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, मी कुठं हाय ते त्याच्यात दिसतं. मग माझं माहेर दिसंल का?"

तिचं माहेर डोंगरकड्याकडचा एक तांडा. मी टॅबवर वरून काढलेला फोटो उघडला. आधी नुसती हिरवी-तपकिरी ठिगळं. सहावीचा अख्खा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. नात बोटानं फोटो मोठा मोठा करत गेली.

"हे खोटं हाय," आजी म्हणाली. "आमची हीर कुठं हाय यात?"

"थांब दादी." नातीनं आणखी मोठं केलं. पत्र्याची छपरं दिसली, पायवाट दिसली, आणि वाटेच्या वळणावर एक गोल काळा ठिपका.

आजीनं टॅब हिसकावून नाकाशी धरला. "हीच! हीच ती! अन् ही चिंच! आगं, ही तर केवढी झाली!" ती अशी काही ओरडली की सर ऑफिसातून धावत आले. मग तिनं आम्हाला कुठल्या फांदीवरून ती कोणाच्या अंगावर पडली होती, ते दाखवायला सुरुवात केली, आणि तास संपल्याची घंटा द्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.