आईंचा वॉकर, माझा गुडघा

हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्या मी धुक्यात उतरले आहे. अलंगच्या कड्यावर दोराला लटकून फोटोसाठी हसले आहे. माझा गुडघा मात्र गेला तो पडेगावच्या एका मंगल कार्यालयात, स्टेजवरून खाली उतरताना.

लग्न नवऱ्याच्या नात्यातलं होतं. आहेर दिला, फोटो काढला, आणि मी मागं वळून कुणाला तरी “जेवल्याशिवाय जाऊ नका” असं सांगत पाय खाली टाकला. लाल गालिच्याखाली पायरी होती ती माझ्या अंदाजापेक्षा वीतभर खाली निघाली. पाय तिथंच रुतला आणि बाकीची मी फिरले. गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. बँड चालू होता तरी मला ते स्पष्ट ऐकू आलं.

इथं एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती लपत नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. पाळी सुरू होण्याआधी कामगारांना उभं करून “पायाखाली बघून चाला, बोलत बोलत जिना उतरू नका” हे सांगण्याचा मला पगार मिळतो. कारखान्याच्या जिन्यापाशी एक मोठा फलक आहे. त्यावर कठडा धरून उभी असलेली, हसरी बाई मीच आहे.

डॉक्टरांनी गुडघा इकडून तिकडून हलवून पाहिला. “ट्रेकला पडलात का?” त्यांनी आशेनं विचारलं. माझ्या पायातले ट्रेकचे बूट त्यांनी पाहिले होते.

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “लग्नात.”

“नाचताना?”

“नाही. उतरताना.”

डॉक्टरांचा माझ्यातला रस तिथंच संपला असं मला वाटलं. एमआरआय झाला. आतला एक लिगामेंट तुटला होता. मांडीच्या मागची एक शीर काढायची आणि तुटलेल्या जागी बसवायची, असं ऑपरेशन ठरलं.

“मग मी परत डोंगर कधी चढू शकेन?” मी विचारलं.

“आधी बाथरूमला जाऊ,” ते म्हणाले. “डोंगर तिथंच असतो.”

ऑपरेशन नीट झालं. अडचण सुरू झाली घरी आल्यावर. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. इतकी वर्षं लिफ्ट नसल्याचा मला अभिमान होता. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी घेऊन मी रोज तो जिना वरखाली करायची, आणि वाटेत भेटणाऱ्या शेजाऱ्यांना व्यायामाचं महत्त्व सांगायची. त्याच शेजाऱ्यांच्या दारांवरून मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. पुढं नवरा, मागं वॉचमन. प्रत्येक मजल्यावर दार उघडं होतं.

वर गेल्यावर मला आमच्या खोलीत न नेता सरळ सासूबाईंच्या खोलीत नेलं. कारण साधं होतं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन दोनेक वर्षं झाली होती. दोन्ही वाट्या बदललेल्या. त्यांच्यासाठी आम्ही त्या खोलीत उंच पलंग, उंच कमोड, भिंतीला धरायच्या दांड्या असं सगळं करून घेतलं होतं. माळ्यावरून त्यांचा वॉकर काढला. आईंनी तो ओल्या फडक्यानं पुसला, पलंगाला टेकवून ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

“आता कसं वाटायलंय?” त्यांनी विचारलं.

“बरं आहे, आई. थोडं दुखतंय.”

“दुखणारच. दुखलं म्हणजे पाय सुधरायला लागला,” त्या म्हणाल्या.

हे वाक्य माझं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच पलंगापाशी उभं राहून मी ते त्यांना रोज ऐकवलं होतं. आईंचं सगळं आयुष्य गंगापूरकडच्या शेतात गेलेलं. शाळा चौथीपर्यंत. पण कान असे, की एकदा ऐकलेलं सुटत नाही. पुढच्या काही दिवसांत माझी सगळी वाक्यं एकेक करून मला परत मिळाली. “पाय काय कापसाचा हाय का?” हे माझं. “टीव्ही बघताना बी टाच वढता येती,” हेही माझंच, फक्त त्यांच्या भाषेत. मी त्यांच्यासाठी ऑफिसातली शिट्टी आणली होती. व्यायामाची वेळ झाली की मी ती वाजवायची. ती शिट्टी त्यांनी कुठून शोधून काढली मला माहीत नाही. पहिल्या सकाळी ती त्यांच्या गळ्यात होती.

फिजिओथेरपिस्ट मुलगी दिवसाआड घरी यायची. बारीक, चष्मेवाली, आवाज अगदी मऊ. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती म्हणायची, “मॅडम, टॉवेल दाबा.” मी सगळा जीव एकवटून दाबायची. मांडी ढिम्म हलायची नाही. डोंगर चढून कमावलेली मांडी आपल्याला ओळखच देत नाही, हे बघणं फार विचित्र असतं. मी तिला माझ्या किल्ल्यांची यादी ऐकवायला सुरुवात केली. कळसूबाईपर्यंत आले तेव्हा ती म्हणाली, “छान. आता परत दाबा.”

आई शेजारच्या खुर्चीत बसून पाय सरळ उचलायच्या, खाली ठेवायच्या. कुणी सांगितलेलं नसताना.

“आजी, तुमचं किती मस्त झालंय,” ती मुलगी म्हणाली.

“व्हय,” आई म्हणाल्या. “मी नुसत्या गप्पा नाय मारल्या.”

बिछान्यात पडून मी दुसऱ्या उद्योगाला लागले. आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मंडळी रविवारी कुठं कुठं जायची आणि फोटो टाकायची. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघायची आणि सल्ला द्यायची. बुटाची नाडी नीट बांधा. उतरताना गुडघा वाकवा. कडेला उभं राहून सेल्फी नको. एकदा मी लिहिलं, “उतरताना बोलू नका.” त्यावर एकानं लग्नातल्या बँडचं चित्र टाकलं.

ते चित्र मला जरा जास्तच लागलं असावं. काही आठवडे झाले होते. वॉकर सुटून मी गुडघ्याला पट्ट्यांचा ब्रेस लावून घरात फिरत होते. जिना मात्र एकटीनं करायचा नाही अशी सक्त ताकीद होती. एका सकाळी नवरा कामावर गेलेला, आई खालच्या मारुतीच्या देवळात गेलेल्या. मी ठरवलं, आई यायच्या आत एकदा गच्चीपर्यंत जाऊन यायचं. कुणाला सांगायचं नाही. मग त्या मुलीसमोर एकदम जिना चढून दाखवायचा. ती चष्मा सरसावेल, मी विनयानं हसेन, इथपर्यंत माझं चित्र तयार होतं.

चढले. गच्चीवर गेले. उन्हात उभी राहून लांबवर दौलताबादच्या किल्ल्याचं टोक शोधलं आणि मनातल्या मनात त्याला काहीतरी वीरश्रीचं बोलले. उतरायला वळले, पहिल्याच पायरीवर गुडघा लटपटला. कठडा घट्ट धरला म्हणून वाचले. फलकावरची बाई धरते तसाच. पण पुढं पाय टाकायची हिंमत होईना. गुडघा आतून गरम झालेला, ब्रेस आवळल्यासारखा वाटत होता. फोन घरात. मी पायरीवर बसले आणि कुणी वर येतंय का याची वाट बघत राहिले. कुणी येऊ नये अशीही प्रार्थना चालू होतीच.

आई आल्या. घराचं दार नुसतं लोटलेलं आणि घर रिकामं बघून त्या सरळ वर आल्या, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातात प्रसादाचा नारळ. माझ्याकडं बघितलं. ओरडतील असं वाटलं. त्या दोन पायऱ्या खाली दम घ्यायला थांबल्या.

“कामून गेलीस वर?”

“बघायला, जमतं का.”

“जमलं?”

“चढायला जमलं.”

“चढायला समद्यांलाच जमतं,” त्या म्हणाल्या. मग खाली कुणी नाही ना हे वाकून बघितलं आणि आवाज बारीक केला. “मी बी आल्ते आशीच. तू कारखान्यात गेल्यावर.”

मला खरं वाटेना. “कधी?”

“माझा वॉकर चालू होता तवा. कुरडया वाळत घातल्या व्हत्या तुम्ही, आन आभाळ आलं. घरात कुणी नाय. मंग काय, आले चढून. कुरडया गोळा केल्या, आन इथंच बसले, तू बसलीस तिथं.”

“मग खाली कशा गेलात?”

“बुडावर,” आई म्हणाल्या.

त्यांनी मला शिकवलं. दुखरा पाय पुढं सरळ सोडायचा, दोन्ही हात मागं टेकायचे, आणि एक एक पायरी खाली घसरायचं. माझा ब्रेसचा पाय समोर तोफेसारखा रोखलेला. आई माझ्या पुढं एक पायरी खाली, हातात माझ्या चपला आणि नारळ. मधे दुसऱ्या मजल्यावरच्या समोरच्या भाभी कपडे वाळत घालायला वर येत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली.

“क्या हुआ बाजी? गिर गये क्या?”

“नाय, नाय,” आई सहज म्हणाल्या. “कसरत हाय. डॉक्टरनं सांगितली.”

भाभींनी मान डोलावली, बादली उचलली आणि माझ्या पायाला वळसा घालून वर गेल्या. संध्याकाळी त्यांच्याकडून पायाचं सूप आलं, हड्डी मजबूत होते या निरोपासकट.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजून टरबुजासारखा झाला होता. फिजिओ मुलीनं टेप लावून मापलं, पुन्हा मापलं. “मॅडम, काही वेगळं केलंत का?”

मी आईंकडं बघितलं. आई खिडकीकडं बघत होत्या. “काल पावणे आल्ते,” त्या म्हणाल्या. “दिवसभर बसून ऱ्हायली. तिला बोलाय लागतं ना.”

बर्फ आला, पाय उशीवर गेला, आणि माझी शर्यत आठवडाभर मागं गेली. ती मुलगी गेल्यावर आईंनी शिट्टी काढून कपाटात ठेवली. मला वाटलं माझी दया आली. “आता कशाला शिट्टी,” त्या म्हणाल्या, “तू आपली आपणच येडी हायेस.” पण त्या दिवसापासून आम्ही दोघी पाय उचलायचो त्या बरोबरीनं, पलंगावर मी आणि खुर्चीत त्या. त्यांचं संपलं तरी माझं होईपर्यंत त्या थांबायच्या. कधी कधी दुखलं म्हणून मी रडायची. त्या बघून न बघितल्यासारखं करायच्या आणि शेंगा सोलायच्या.

पाय हळूहळू माझा झाला. आधी सपाट रस्ता, मग सायकल, मग जिना. बऱ्याच महिन्यांनी त्या मुलीनं परवानगी दिली. गोगाबाबा टेकडी चालेल, पण फक्त पहिल्या वळणापर्यंत, दोन्ही हातांत काठ्या घेऊन. विद्यापीठामागची ही टेकडी मी एके काळी ‘गरम व्हायला’ चढायची. आता मी आदल्या दिवशी सामान काढून ठेवलं. टोपी, काठ्या, चहाचा थर्मास, क्रेप बँडेज. नवरा म्हणाला, “मुक्काम आहे का?”

सकाळी निघताना आई बूट घालून दारात उभ्या होत्या. “मी बी येते. डॉक्टरनं चाल म्हणलंय मला.”

पहिल्या वळणापर्यंत तिघं सोबत गेलो. माझा दम लागला होता, पण तो मी नाकानं घेत होते. तिथं एक बरा दगड बघून मी बसले. आईंनी वर बघितलं. “अजून लई हाय का?”

“बरंच आहे, आई. बसा इथं.”

“चल रे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि त्याचा हात धरून निघाल्या. मी थांबा म्हणेपर्यंत दोघं वळणाआड गेली.

मी दगडावर बसून राहिले. रोजचे फिरणारे लोक खाली-वर जात होते. जुन्या ओळखीचे एक काका थांबले. “मॅडम, आज खालीच?”

“सासूबाई वर गेल्यात,” मी म्हणाले. “त्यांची वाट बघतेय.”

त्यांनी माझ्या दोन काठ्या बघितल्या आणि पुढं गेले.

थोड्या वेळानं नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आईंचं अर्धं नाक आणि पुष्कळ आभाळ होतं.

“दिसायलंय का?” आईंनी विचारलं.

“दिसतंय. तुम्ही ठीक आहात ना?”

“मला काय झालंय. ते पांढरं काय हाय गं तिकडं?”

“बीबी का मकबरा.”

“एवढासा?”

“लांब आहे, आई.”

“मंग तू एवढी वर कामून येतीस? खाली जवळ जाऊन बघितला की मोठा दिसतो.”

मी फोन मांडीवर ठेवून थर्मास उघडला.

त्या सावकाश, आडव्या पावलांनी खाली आल्या. आम्ही चहा प्यायलो. उरलेला उतार सुरू होताना त्यांनी माझ्या हातातली एक काठी मागितली. मी दिली. नवरा थर्मास घेऊन पुढं, आणि मागं आम्ही दोघी, एकेक काठी टेकत, पायाखाली बघत. बोलणं बंद. समोरून वर चढणाऱ्या एक बाई आम्हाला वाट द्यायला कडेला थांबल्या. आमच्या काठ्यांकडं, चालीकडं कौतुकानं बघितलं.

“दोघी बहिणी का?” त्यांनी विचारलं.

“व्हय,” आई म्हणाल्या. “मी धाकटी.”